दुर्गाच्या घरचं खत

खताचा विषय निघाला की मी उठून पाणी प्यायला जाते. हे नवऱ्याच्या लक्षात आलेलं नाही, शाळेतल्या सहकाऱ्यांच्या तर नाहीच. का जाते ते मी कधी कुणाला सांगितलं नाही — आईलासुद्धा नाही, जिला मी सगळं सांगायचे. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता पोटात ठेवणं जमत नाही म्हणून.

आधी माझ्याबद्दल थोडं. राहते जालन्यात, आणि परतूरकडच्या एका लहान गावात प्राथमिक शाळेत शिकवते. स्वभावानं टापटिपीची. रस्त्यावर कुणी वेफर्सचं पाकीट टाकलं की मी थांबवून उचलायला लावणार — मग तो अनोळखी का असेना. नवरा म्हणतो, बोहल्यावर तुझ्या हातात केरसुणी दिली असती तर तू अंगावरच्या अक्षताही झाडून घेतल्या असत्यास. तर अशी मी. कचऱ्याचा धडा माझ्याइतका जीव ओतून दुसरं कुणी शिकवत नसेल, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं — ही त्यातली वाईट गोष्ट.

त्या वर्षी मी मुलांकडून शाळेमागे खड्डा करून घेतला. पालापाचोळा, खिचडीच्या भाजीची सालं, सगळं त्यात. प्लास्टिक आणि काच वेगळ्या डब्यात. गावात पाण्याची ओढ, शाळेचा हातपंप नुसता खडखडणारा. म्हणून मी एक रीत पाडली. घरी जाताना प्रत्येकानं आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी खड्ड्यात ओतायचं. पोरं रांगेनं यायची, बाटली उलटी करायची, शेवटचा थेंब पडेपर्यंत हलवायची. काही जण तर खड्ड्यासाठी म्हणून पाणी राखून ठेवायचे, तहान मारून. मला फार कौतुक वाटायचं. मुलांचं, आणि खरं सांगू? त्याहून जास्त माझं.

दिवाळीच्या सुट्टीत मी जालन्यात फराळ करत होते आणि पोरं आईबापांबरोबर कापूस वेचायला रानात. खड्ड्याकडे कोण बघणार? परत येऊन वरचा पाला सारून पाहिलं तर आत नुसती कोरडी काडी. हातात घेतली की चुरा व्हायची. गांडुळांचं तर नावही नव्हतं.

एवढंच असतं तर काही बिघडलं नसतं. पण मी सुट्टीतच शिक्षकांच्या ग्रुपवर लिहून मोकळी झाले होते — आमच्या शाळेचं खत तयार आहे! न बघताच. अंदाजानं. लोकांनी अंगठे दिले, फुलं दिली. आणि मग तालुक्याहून निरोप आला की ते खत बघायला साहेब येणार आहेत.

मी तेव्हा काय करायला हवं होतं हे तिसरीतल्या पोरानंही सांगितलं असतं. वाळलेला खड्डा दाखवायचा, पाणी तुटलं की असं होतं म्हणायचं. धडाच होता तो, चांगला धडा. पण मी गेले मीराताईंकडे.

मीराताई शाळेत खिचडी शिजवायच्या. त्यांची मुलगी दुर्गा माझ्याच वर्गात, तिसरीत. दुर्गा म्हणजे सतत वर असलेला हात. प्रश्न पूर्ण व्हायच्या आत हिचं उत्तर तयार, आणि चुकलं तरी त्याच आवाजात. मीराताईंच्या घरामागे जुना उकिरडा होता. मी म्हटलं, ताई, थोडं मुरलेलं खत मिळेल का शाळेसाठी? त्यांनी कशाला म्हणून विचारलंच नाही. "घ्या की मॅडम, लागंल तेवढं घ्या," म्हणाल्या. संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्या आणि दुर्गा डोक्यावर टोपली घेऊन आल्या. मायलेकींनी खड्डा भरला. मी वरून थोडा पाला पसरला. म्हणतात ना, बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो — मी तसं हसत म्हणालेही.

सकाळी पोरांनी काळंभोर खत पाहिलं आणि उड्या मारायला लागली. आमच्या पाण्यानं झालं, आमच्या पाण्यानं! मला त्यांना थांबवता आलं असतं. दुर्गाही त्यांच्याबरोबर उड्या मारत होती.

साहेब आले. माणूस चांगला होता, पोरांमध्ये बसणारा. मूठभर खत उचलून हुंगलं आणि विचारलं, "हे कसं तयार झालं, कोण सांगेल?"

कुणाचा हात वर गेला ते सांगायला नको.

"सर, हे आमच्या उकिरड्यावरलं हाये," दुर्गा म्हणाली. "मी आन् माझ्या आईनं डोक्यावर आणल्तं. लई भारी खत हाये." आणि खाली वाकून तिनं त्यातून हिरव्या काचेचा तुकडा काढला. "ही बघा आईची बांगडी. संक्रांतीला फुटल्ती."

ती चुगली करत नव्हती हो. तिला अभिमान वाटत होता! साहेब तिच्या घरचं खत हुंगत होते, तिच्या आईची बांगडी त्यात सापडली होती — ती का सांगणार नाही? मी तिला गप्प राहा असं कुठे सांगितलं होतं? सांगायची लाज वाटली होती मला. ती समजून घेईल असं धरून चालले होते.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी हसले. त्या हसण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

"हिला गोष्टी रचून सांगायची सवय आहे, सर," मी म्हणाले.

एवढ्यावर थांबले असते तरी... नाही, थांबले नाही. मी दुर्गाच्या हातून ती काच घेतली, उंच धरली आणि वर्गाला विचारलं, काच ओल्या कचऱ्यात टाकायची का? सगळी पोरं ओरडली, नाही! कुठे टाकायची? वेगळ्या डब्यात! साहेब खूश झाले. जी काच तिच्या खरेपणाची एकुलती एक साक्ष होती, तिच्यावर मी धडा घेतला आणि ती डब्यात टाकून दिली.

जाता जाता साहेबांनी दुर्गाच्या डोक्यावर हात ठेवला. "खोटं बोलू नये हं, बाळा."

मीराताई खिचडीच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे बघितलं — रागानं नाही, नुसतं बघितलं, मी आता काही बोलते का म्हणून. मी पदर सारखा करत राहिले. मग त्या आल्या आणि त्यांनी पोरीच्या पाठीत धपाटा घातला. "मॅडमला खोटं पाडती व्हय? कामून बोलती गं मधी मधी?" दुर्गा रडली नाही. आईकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिली. चूक कुठे झाली ते तिला कळतच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून पोरं तिला थापाडी म्हणायला लागली. कुणी तिची पेन्सिल घेतली आणि तिनं सांगितलं, तरी वर्ग हसायचा. मीही 'बरं, बस खाली' म्हणायचे आणि फळ्याकडे वळायचे. तो वर असणारा हात हळूहळू खाली आला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच, पण म्हणीतला पाषाण निदान कुणाला लागत तरी नाही. मी मीराताईंना एकदा म्हटलं, ताई, त्या दिवशी जरा... त्यांनी वाक्य पुरं करू दिलं नाही. "जाऊ द्या मॅडम. शाळंचं नाव झालं ना." आणि मला हायसं वाटलं. हेही लिहून ठेवते, हायसंच वाटलं.

पुढच्या वर्षी हाच वर्ग चौथीत गेला, शिकवायला मीच होते, आणि दुसऱ्या गावचे शिक्षक आमचा खड्डा बघायला आले. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, कोण सांगेल हे खत कसं केलं? आणि मागच्या रांगेतून दुर्गाचा हात वर आला. वर्षभरात पहिल्यांदा. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

ती उभी राहिली. "आम्ही रोज बाटलीतलं पाणी टाकलं," ती सांगू लागली, पाठ केल्यासारखं, शुद्ध पुस्तकी भाषेत. "सुट्टीतसुद्धा येऊन टाकलं. मग गांडुळं आली. मग खत तयार झालं. ते सगळं शाळेचंच आहे." कुणाच्या घरातून काही आलं नाही, हेही तिनं जोडलं, कुणी विचारलेलं नसताना.

मग पाहुण्यांकडे नाही, माझ्याकडे वळली. चेहरा अगदी सरळ. त्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. तिला फक्त या वेळी चुकायचं नव्हतं.

"बराबर हाय ना, मॅडम?"

"बराबर," मी म्हणाले.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.