लॅमिनेट केलेली भोकं

आमच्या घरात जे लॅमिनेट झालेलं नाही ते महत्त्वाचं नाही, असा बाबांचा साधा हिशोब. माझी दहावीची मार्कशीट, रेशनकार्ड, एवढंच काय, गॅसवाल्याचा फोन नंबरसुद्धा मुलुंड स्टेशनाजवळच्या एकाच दुकानातून प्लॅस्टिकमध्ये बंद होऊन आलेला. निवृत्तीनंतर तर त्यांना तो छंदच जडला.

मी पीएचडी करत होते ती भोकांवर. प्लॅस्टिकच्या पातळ फिल्ममध्ये केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढी भोकं पाडायची, त्यांत तांबं भरायचं आणि मग फिल्म विरघळवून टाकायची. उरतात त्या तांब्याच्या अतिसूक्ष्म तारा. फिल्म म्हणजे नुसता साचा. शेजारच्या काकू विचारायच्या, काय बनवतेस गं, आणि मी "भोकं" म्हटलं की आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

कितीतरी महिने भोकं वेडीवाकडीच पडत होती. अखेर एक तुकडा झकास जमला. पुढच्या आठवड्यात पीएचडीच्या समितीला काहीतरी दाखवायचं होतं, नाहीतर ते माझा विषयच बदलणार होते. तांबं भरायची सोय दुसऱ्या संस्थेत होती. सकाळी घरूनच तिकडे जायचं म्हणून तुकडा डबीत घालून घरी आणला आणि बाबांना बजावलं, हा माझा जीव आहे, याला धूळ लागता कामा नये.

नको ते बोलून बसले. संध्याकाळी जरा बाहेर जाऊन येते तर डबी रिकामी, आणि बाबांच्या हातात माझी फिल्म. चकचकीत लॅमिनेट केलेली, कोपरे गोल कापलेले.

"आता शंभर वर्षं हिला काही होत नाही," ते म्हणाले.

मी त्यावर जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बाबा जेवले नाहीत. माझी तर वाटच लागली होती, पण राग ओसरल्यावर त्यांचं पडलेलं तोंड त्याहून बघवेना.

दुसऱ्या दिवशी माझ्या गाइड मॅडमना ते चकचकीत प्रकरण दाखवलं. त्या आधी खूप हसल्या, मग एकदम थांबल्या. गरम रोलरखाली लॅमिनेशनचा गोंद वितळतो, म्हणाल्या, मग तो गेला कुठे? आम्ही एका बाजूचं आवरण सोललं, मधली फिल्म विरघळवली आणि उरलेलं मायक्रोस्कोपखाली ठेवलं. गोंदाचे केस! भोकाभोकांत शिरून तयार झालेले, दाट, थोडे उभे, थोडे आडवे पडलेले. तांबं नव्हतं, पण माझ्या साच्यातून काहीतरी खरंखुरं निघालं होतं. मला रडूच आलं.

समितीतल्या एकांनी यंत्र कुठलं वापरलं ते विचारलं. मी खरं काय ते सांगितलं. ते हसले, पण विषय बदलला नाही.

घरी येऊन बाबांना मायक्रोस्कोपमधला फोटो दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"म्हणजे नुकसान नाही ना झालं?"

"नाही हो बाबा. तुमच्यामुळेच वाचले."

 रात्री त्यांनी आमटी दोनदा मागून घेतली आणि भात कालवता कालवता म्हणाले, "अजून तुकडे असतील तर देऊन ठेव. मी काय, मोकळाच असतो."