पिंजारीचाचांचा मुक्काम

"कोणत्या कुशीवर झोपता?" हा पिंजारीचाचांचा पहिला प्रश्न असायचा. नाव, गाव, धंदा हे सगळं मागाहून, आणि नाही कळलं तरी त्यांचं काही अडत नसे. अमरावतीहून अकोल्याला निघालेला माणूस बैलांच्या दमणीतून उतरून कंबर सरळ करतो न करतो, तोच हा उंच म्हातारा समोर येऊन उभा राहायचा. दाढीत कापसाचे तंतू अडकलेले. पहिल्या खेपेला मला रागच आला. तुम्हाला काय करायचंय, म्हणून मी फटकारलं. ते शांतपणे म्हणाले, "मले नाही, गादीले पाह्यजे." मी डाव्या कुशीवर झोपतो हे तोवर मलाच ठाऊक नव्हतं. बायकोला ठाऊक असेल, पण ती लग्नानंतर दोन वर्षांतच गेली आणि तिला विचारायचं राहून गेलं.

मी अमरावतीच्या एका कापसाच्या अडत्याकडे मुनीम होतो. महिन्यातून दोनदा तरी अकोल्याची वारी घडायची. बैलांना वाटेत विसावा द्यावाच लागे, आणि बऱ्या परिस्थितीतल्या माणसाचा मुक्काम मूर्तिजापूरला चाचांकडे ठरलेला. जेवण ज्याचं त्याने बरोबर आणायचं. चाचा द्यायचे ते पाय शेकायला गरम पाणी आणि गादी. पण काय गादी! चाचा जातीचे पिंजारी, हातात कापूस पिंजण्याचं पिढ्यांचं कसब. डाव्या कुशीवाल्याची गादी निराळी, उजव्याची निराळी. खांदा आणि कंबर जिथे टेकते तिथे कापूस दाट भरलेला. एकदा सांगितलेली कूस ते वर्षानुवर्षं विसरत नसत. मला तर घरच्या खाटेवर झोप येईनाशी झाली होती. खरं सांगायचं तर घरी माझी वाट पाहणारं कोणी नव्हतं आणि मूर्तिजापूरला होतं.

पुढे तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचे दिवस आले. लोक वेडे झाले हो! घरातल्या गाद्या-रजया उसवून आतला कापूस बाजारात नेऊन विकला आणि पोरंबाळं चटईवर निजवली. चाचांनी मात्र एक टाका उसवला नाही. उलट हंगामाचा नवा कापूस घेऊन गाद्या पुन्हा भरल्या. गाव त्यांना हसलं.

त्या पैशाने आमच्या शेठांची पाठ मात्र फार नाजूक झाली. कालपरवापर्यंत पोत्यावर घोरणारा हा माणूस. मूर्तिजापूरच्या मुक्कामी एका सकाळी उठून म्हणाला, रात्रभर काहीतरी टोचलं. चाचांनी ती अख्खी गादी उसवली, कापूस चिमूट चिमूट करून पाहिला आणि एक सरकी शोधून काढली. ती तळहातावर ठेवून शेठांपुढे धरली आणि माफी मागितली. मला शेठांची लाज वाटली, पण चाचांचा चेहरा उजळला होता. म्हणाले, "शेठले समजलं. गादी समजनारा मानूस आला!" त्यानंतर मागण्या वाढतच गेल्या. कोणाला उंच पायांचा पलंग हवा, कोणाला खुर्ची, कोणाला भिंतीवर आरसा, कोणाला बाटलीतलं विलायती पाणी. चाचा कशालाच नाही म्हणाले नाहीत.

अशात आगगाडीचे रूळ पडू लागले. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, आगगाडी मूर्तिजापूरला थांबणार हे खरं का? मी म्हटलं, हो, थांबणार. इंजिन इथे पाणी घेणार हेही त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं. मग त्यांचा हिशेब सरळ होता. पाणी पिण्यापुरतं जनावर थांबलं की बसतं, आणि थोर माणूस हातपाय धुतल्याशिवाय, पाठ टेकल्याशिवाय पुढे जात नाही. शंभर दमण्यांची माणसं एकदमच उतरणार! गाडी किती वेळ थांबणार हे त्यांनी विचारलं नाही. मला ते ठाऊक होतं, शेठ मुंबईकडे आगगाडीत बसून आले होते आणि ती क्षणभरच थांबते असं सांगत. पण त्यांचे ते चमकणारे डोळे पाहून माझी जीभ रेटेना. मी गप्प बसलो, आणि चाचांनी होतं नव्हतं ते घालून चार नव्या खोल्या बांधल्या.

आगगाडी सुरू झाली तेव्हा मी शेठांबरोबर बडनेऱ्याला पहिल्या वर्गाच्या डब्यात बसलो. शेठ चामड्याच्या बाकावर हात फिरवत होते आणि जेवण जिरायच्या आत अकोला येईल म्हणत होते. मूर्तिजापूरला फलाटावर चाचा धुतलेले कपडे घालून उभे होते. ते खिडकीशी आले आणि शेठांना आदराने म्हणाले, पाणी तापलेलं आहे. शेठ हसले. मी खाली पाहिलं. शिट्टी झाली आणि गाडी सुटली. चाचा गाडीबरोबर चार पावलं चालले, त्यांना वाटलं गाडी पुढे कुठेतरी नीट थांबेल.

पुढे एकटा प्रवास असला की मी तिथे उतरायचो. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने पुढे जायचं. शेठांना काहीतरी थाप मारायची. आठ पलंग अंथरलेले असायचे आणि झोपणारा मी एकटा. चाचा त्या आठही गाद्या दर आठवड्याला उन्हात घालायचे. असं वर्षभर चाललं. मला वाटायचं, मी त्यांच्यावर उपकार करतोय.

एका सकाळी मला राहवलं नाही. गाडी क्षणभरच थांबणार हे मला आधीपासून माहीत होतं, असं मी सांगून टाकलं. चाचांनी हातातली चादर झटकून तिची घडी घातली. मग म्हणाले, "तुमी खोटं कुठं बोलले? गाडी थांबतेच की." मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "मुनीमजी, पोरगी पातूरले बलावून राहिली मले. पन तुमी उतरता, म्हून मले दार लावता येत नाही. वाटते, आज हे उतरले, उद्या अजून कोनी उतरन. आता नका उतरू."

पुढच्या खेपेला मी एकटाच होतो. गाडी मूर्तिजापूरला थांबली. चाचा फलाटावर आले होते. त्यांची नजर डब्याडब्यातून मला शोधत होती. मी बाक घट्ट धरून बसून राहिलो. त्यांनी मला पाहिलं, मी उठत नाही हेही पाहिलं, आणि कपाळाला हात लावून सलाम केला. तोंडावर असं समाधान की मला भरून आलं. गाडी हलायच्या आधीच ते वळून चालू लागले होते.

त्याच महिन्यात ते पातूरला लेकीकडे गेल्याचं कळलं. अकोल्यापासून पातूर काही लांब नाही. आज जाऊ, उद्या जाऊ असं मी कितीतरी वर्षं म्हणत राहिलो. पण पाहुणा म्हणून त्यांच्या दारात उभं राहायचं तर कोणत्या नात्याने, ते मला समजेना. मी गेलो नाही.