कवळीताईचा कार्बोरेटर

दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवण्यात तिची वीस वर्षं गेली होती, म्हणून सगळे तिला कवळीताईच म्हणत. कुणाच्या हिरडीला टोचणारी केसाएवढी कडाही ती बोटाने ओळखून घासून काढायची. पण फळीवरचं कार्बोरेटरचं खोकं उघडायला दोन आठवडे तिचा हात धजत नव्हता.

तिची मोटारसायकल म्हातारी झाली होती. चढावर खोकायची, सिग्नलला मान टाकायची. जुना कार्बोरेटर तीनदा साफ झाला, पण आतून झिजलेल्याला धुऊन काय होणार? म्हणून तिने जरा मोठ्या तोंडाचा नवा मागवला. अडचण होती ती दादाची. तिचा हा थोरला भाऊ मेकॅनिक, आणि तिच्या गाडीचा साधा स्क्रूही आजवर त्याच्याशिवाय कुणी हलवला नव्हता.

"कंपनीने दिलाय तो काय उगाच दिलाय?" तो म्हणाला होता. "बसवायचाच असेल तर आठ दिवस गाडी ठेवून जा. सवडीने बघतो."

आठ दिवस शहराच्या दुसऱ्या टोकाला कामावर जायचं कसं? आणि स्वतः बसवला तर दादाच्या नाकाला मिरच्या झोंबणार.

"तू बसव नाहीतर त्याला दे," नवरा म्हणाला, "पण एकदाचं ठरव. मागे मी बसतो. जीव माझा टांगणीला लागतो."

रविवारी सकाळी तिने दारात जुनी चादर अंथरली. पेट्रोलचा कॉक बंद केला आणि सुटेल तो भाग क्रमाने मांडत गेली. दोन तासांत नवा कार्बोरेटर जागेवर बसला. पहिल्या किकला गाडी सुरू झाली तेव्हा नवराही बाहेर आला. पण गल्लीच्या टोकाशी तिने मूठ पिळली आणि गाडी गचके खात बंद पडली.

गाडी ढकलत परत आणून ती पायरीवर बसून राहिली. मग तिने फोन लावला.

"दादा, मीच बसवला."

पलीकडे हवेच्या पंपाचा आवाज बंद झाला.

"वेग देताना अडखळते ना? प्लग काढून बघ. रंग कसा आहे?"

"पांढरा."

"पेट्रोल कमी पडतंय. खोक्यात पितळेचे जादा जेट असतील, पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाचे. एक नंबर मोठा घाल."

"तू येतोस का?"

"कशाला? इतकं केलंस, तेवढंही कर."

तिने जेट बदलला. दुपारी चढ चढून आली, गाडी एकदाही खोकली नाही.

संध्याकाळी नवऱ्याला मागे बसवून ती दादाकडे गेली. दादाने किल्ली घेतली, दूरवर चक्कर मारून आला.

"क्लचची वायर सैल आहे," एवढंच म्हणाला आणि पाना तिच्या हातात दिला.

ताई तिथेच उकिडवी बसली. नवरा तोवर वहिनीकडे चहा मागायला आत गेला होता.