अण्णाची उपटणी

नानाचा फोन सकाळी चहाच्या वेळेला आला. "आक्का, अण्णा गेला. झोपेतच... तू ये." नाना माझा धाकटा भाऊ, अण्णा थोरला आणि मी मधली. भिंगारहून संगमनेर तालुक्यातलं आमचं गाव गाठेपर्यंत दुपार झाली. मुलानं गाडी नानाच्या अंगणात उभी केली आणि मी तिथून डाळिंबाच्या ओळींमधून सरळ अण्णाच्या घराकडे निघाले. निम्म्या वाटेवर, दोघांच्या बांधापाशी, पाय आपोआप थबकले. तिथं काहीच नव्हतं... नुसता मोकळा बांध. एके काळी इथून मांजरसुद्धा पलीकडे गेलं नसतं. डोळ्यांना पदर लावलेला होता, तरी त्या घटकेला मला माझ्या भावाचा असा काही अभिमान वाटला की ऊर भरून आला. तो अभिमान सांगावा म्हणून हे लिहिते आहे.

अण्णा गावातला वेल्डर. गेट, खिडक्या, ट्रॉल्या, जे बनवील ते दणकट, आणि स्वतःची तारीफ करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. "माझं काम हलायचं न्हाई," हे त्याचं पालुपद. वाटण्या झाल्यावरही दोघं भाऊ शेजारी शेजारी बरे नांदत होते. मग नानाच्या शेळ्यांनी अण्णाची डाळिंबाची नवी रोपं खाल्ली, शब्दानं शब्द वाढला, नको ते बोलून झालं, आणि अण्णानं बांधावर लोखंडी अँगलच्या खांबांचं दाट कुंपण घातलं. तेही साधंसुधं नाही. अँगल चोरीला जातात, म्हणून त्यानं प्रत्येकाच्या बुडाला आडवा तुकडा वेल्ड केला, खोल खड्ड्यात उभा केला आणि वरून काँक्रीट ओतलं. "आता चोराच्या बापाला निघायचा न्हाई," म्हणून मिशीवर ताव दिला. चोर काही आला नाही. भावाभावांचं बोलणं मात्र बंद झालं ते झालंच.

यात माझे जे हाल झाले ते विचारू नका. भाऊबीजेला एकाला ओवाळून दुसऱ्याकडे जायचं तर कॅनॉलच्या रस्त्यानं भलामोठा वळसा. एकाकडे करंजी कमी खाल्ली की दुसऱ्याकडे जास्त खाल्ली असणार, हा आरोप ठरलेला. दोघंही मला एकमेकांबद्दल एक अक्षर विचारायचे नाहीत आणि मी सांगेपर्यंत उठूही द्यायचे नाहीत. अशी बरीच वर्षं काढल्यावर एका भाऊबीजेला मी अण्णाला ओवाळलं, तो साडीची पिशवी पुढे करायला लागला आणि मी ताट मागे घेतलं. म्हटलं, "साडी नको. कुंपण काढ." त्यानं पिशवी खाली ठेवली आणि म्हणाला, "पुढल्या भाऊबीजंला तू बांधावरनं येशील. न्हाई तर नाव बदलीन."

बोलून तर बसला, पण आता अण्णाची गाठ अण्णाशीच होती. पहारीनं उकरून पाहिलं, बुडाचा आडवा तुकडा काही सोडेना. मी फोनवर म्हटलं, जेसीबी बोलव. "बांधाखालनं इहिरीची पाइपलाइन गेलीया, दोघांची. ती फुटली म्हंजी नवं भांडान." मग ग्राइंडरनं काप, म्हटलं. "कापल्यालं कुंपान उद्या परत वेल्ड हुतं, बाई. मीच करीन, मला मी वळखतो. मुळासकट निघाया पायजे." मग त्यानं अवजारं बनवायला घेतली. आधी तरफ केली: बोअरचा जुना पाईप, त्याच्या टोकाला साखळी, खाली टेकायला ओंडका. ओंडका जमिनीत रुतला. त्याच्याखाली फळी टाकली, तर पाईप वाकला. जाड पाईप आणला, तेव्हा अँगल बोटभर वर आला आणि हटून बसला. त्या बोटभराचं वर्णन मी फोनवर अर्धा तास ऐकलं.

शेवटी त्यानं भंगारातून जीपच्या चाकाची डिस्क आणली. ती अँगलशेजारी उभी धरायची, अँगलच्या बुडाला बांधलेली साखळी तिच्यावरून घ्यायची आणि पुढून ओढायची, म्हणजे ओढ आडवी न बसता वर बसते. युक्ती नामी होती, पण एक जण डिस्क धरायला हवा आणि एक ओढायला. ओढणारा ट्रॅक्टर होता नानाकडे. अण्णा आपला एकटाच दोर लावून ओढत राहिला आणि डिस्क आडवी पडत राहिली.

पलीकडून नाना रोज बघत होता. "मला आदी वाटलं, कुंपान पक्कं करतोय," त्यानं मला नंतर सांगितलं. "मंग कळलं, काढतोय." त्या दिवशी त्यानं ट्रॅक्टर काढला, थेट कुंपणाला आणून भिडवला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं. "अण्णा, चाक धर. म्या वढतो."

"हळू घे," अण्णा म्हणाला. "झटका दिऊ नगंस."

साखळी ताणली, माती तडकली, आणि दाढ उपटावी तसा तो अँगल काँक्रीटच्या गोळ्यासकट सरळ वर आला. अण्णानं टोपी उडवली. आणि लगेच दोघांचं जुंपलं... नाना म्हणे ट्रॅक्टरनं निघाला, अण्णा म्हणे डिस्कनं निघाला. वहिनींनी मला मुद्दाम फोन लावून ते भांडण ऐकवलं. मी भिंगारच्या घरात बसून हसत होते आणि रडत होते. पुढल्या भाऊबीजेला बांधावर एकही अँगल उरला नव्हता. मी नवी कोरी साडी नेसून, ताट हातात घेऊन, वाजतगाजत जावं तशी त्या बांधावरून गेले. दोन पाट शेजारी शेजारी मांडले होते.

त्या डिस्क-साखळीला अण्णानं लाल रंग दिला आणि नाव ठेवलं 'उपटणी'. आजूबाजूच्या गावांतून लोक मागायला यायचे. त्याची अट एकच होती. कुंपणाच्या दोन्ही बाजूंच्या माणसांनी मिळून यायचं, एकट्याच्या हातात उपटणी द्यायची नाही.

दहाव्यानंतर मी थोडे दिवस तिथंच राहिले. एका सकाळी शेजारच्या गावचा एक माणूस उपटणी मागायला आला. अण्णाच्या शेडमध्ये नाना बसला होता.

"एकटाच आलास? पलीकडचा कुठाय?"

"त्यो न्हाई येत."

"मंग उपटनी बी न्हाई येत."

माणूस कुरकुरत गेला. दिवस कलताना मोटरसायकलवर मागे चुलतभावाला बसवून परत आला. चुलतभावाचं तोंड दुसरीकडे होतं, पण आला होता. नानानं एकाच्या हातात डिस्क दिली, दुसऱ्याच्या हातात साखळी. "झटका दिऊ नगा," म्हणाला... थेट अण्णाचा आवाज.

यंदा घरात सण करायचा नाही. तरी भाऊबीजेला मी जाणार आहे, बांधावरूनच. पाट दोन मांडायचे, एकावर नाना बसेल आणि दुसऱ्यावर ती लाल डिस्क ठेवून मी तिलाही ओवाळणार आहे. नाना हसेल. हसू दे.