चिंगीचा शनिवारचा सामना

राजाभाऊ खैरनार मूळचे नाशिकचे. गेली एकोणीस वर्षं ते सौदीतल्या रास अल खैरला, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लँटवर, एका ठेकेदार कंपनीत दाब मोजणारी गेजं तपासायचं काम करत होते. पाइपावरचं गेज काढून आणायचं, वर्कशॉपातल्या प्रमाणित मास्टर गेजला जोडायचं आणि ते खरं बोलतंय का ते बघायचं. बहुतेक गेजं थोडंफार खोटं बोलतात. दिवसभर तेच बघितल्यावर माणूस दुसरं काय होणार? खजुराचा खोका घेतला की राजाभाऊ आधी तळाचा थर उपसून बघायचे. बायको फोनवर "तब्येत बरी आहे" म्हणाली की खात्रीसाठी मुलीला वेगळा फोन लावायचे.

त्या मुलीचा, श्रुतीचा, साखरपुडा पुढच्या रविवारी ठरला होता. मुलाचं नाव जयदीप, पुण्यात नोकरी. श्रुतीला पसंत, आईला पसंत. राजाभाऊंना मोबाइलवर त्याचे सात फोटो आले होते आणि सातही डाव्या बाजूने काढलेले. व्हिडिओ कॉललाही पोरगा तिरकाच बसला होता.

"उजवीकडे काय आहे त्याच्या?" राजाभाऊंनी बायकोला विचारलं.

"कान आहे," शर्मिलाताई म्हणाल्या. "तुम्ही या आणि मोजून घ्या."

जायला तर हवंच होतं. पोरगी द्यायची आणि पोरगा धड समोरून पाहिलेला नाही, हे त्यांच्या मनाला पटेना. पण रजेच्या अर्जावर मेंटेनन्स मॅनेजर हार्ग्रीव्हसाहेबाची सही लागायची, आणि त्या महिन्याची रजेची यादी बुधवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होती. त्यानंतर रजा मिळणार ती थेट ऑगस्टात.

हार्ग्रीव्ह इंग्रज माणूस, एरवी सरळ. पण विम्बल्डनचे दोन आठवडे त्याच्या वाटेला जायची सोय नसे. मागच्या वर्षी शेवटचा ब्रिटिश खेळाडू हरला त्या दिवशी त्याने रजेचे अकरा अर्ज न वाचता परत पाठवले होते. तेव्हापासून वर्कशॉपातली सगळी माणसं ब्रिटिश टेनिसची भक्त झाली. केरळचा मल्लू वेल्डर, पेशावरचा क्रेनवाला, फिलिपिनो स्टोअरकीपर, सगळे. उन्हाळ्यात बारा ते तीन उन्हात काम करायला सरकारची बंदी, त्यामुळे ऐन सामन्यांच्या वेळेला सगळे एसीत बसलेले. कपाटामागे एक पांढरा फळा होता. त्यावर ब्रिटिश खेळाडूंची नावं, म्हणजे यांनी ठेवलेली नावं, कारण खरी कुणाच्या तोंडात बसत नव्हती. लांब्या, डावखुरा, टकलू, चिंगी. एकेक जण हरला की फळ्यावर फुली पडायची. रविवार संपला तेव्हा एकट्या चिंगीवर फुली नव्हती.

फळा यासीनच्या ताब्यात होता. यासीन परकार, म्हसळ्याचा, गेजच्या कामात राजाभाऊंचा जोडीदार. त्या विभागात माणसं दोनच, आणि एका वेळी एकालाच रजा. यासीनलाही घरी जायचं होतं, मुलीच्या, उमामाच्या, कॉलेजप्रवेशासाठी. तरी तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "राजाभाऊ, तुम्ही आधी टाका अर्ज. माझं पुढच्या महिन्यात झालं तरी चालतंय."

चालतंय कसं? राजाभाऊ दोन रात्री त्यावर विचार करत राहिले. रजा कुणी अशी हातातून सोडतं का? आधी आपल्याला पुढे करून साहेबाचा राग आपल्यावर काढून घ्यायचा, तो निवला की हा हसत आत जाणार, असा हिशेब दिसत होता. तेव्हापासून यासीनने चहा दिला तरी ते आधी साखर ढवळून बघत.

सोमवारी दुपारी एकला चिंगीचा चौथ्या फेरीचा सामना सुरू झाला. पावणेदोनला यासीन मोबाइल बघत म्हणाला, "पहिला सेट घेतला पोरीने. साहेब आत शीळ घालतोय. जा, राजाभाऊ, आत्ता जा."

"तू का नाही जात?"

"मला ऑगस्ट चालतंय म्हटलं ना."

"बघू तो मोबाइल."

"बघा की." यासीनने पुढे धरला. पडद्यावर नुसते आकडे होते. आकडे कुणीही लिहील. राजाभाऊंनी घडी केलेला अर्ज खिशातच ठेवला आणि ते कँटीनकडे निघाले. कँटीनमध्ये मोठा टीव्ही होता. स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, मग पाऊल टाकायचं.

टीव्हीवर चिंगीच होती. तीच बारीक चण, तीच पांढरी टोपी, फटका मारताना तसंच ओरडणं. आणि पहिल्या सेटमध्ये ती पाच-एक अशी मागे होती.

राजाभाऊंना राग यायला हवा होता. त्यांना बरं वाटलं. शेवटी पकडला. ते खुर्ची ओढून बसले आणि यासीनच्या थापेचे आकडे मोजत राहिले. पण हळूहळू चिंगी सावरली. पाच-दोन झालं, पाच-तीन झालं. एकदा ती चेंडूमागे धावताना सपशेल आडवी पडली, उठली, गुडघ्यावरचं गवत झटकलं आणि पुढचा गुण घेऊन मोकळी झाली. राजाभाऊंचा चहा गार झाला. तिने तो सेट सात-पाचने काढला तेव्हा अडीच वाजले होते.

"आता जातो," ते स्वतःशीच म्हणाले. "आता खरंच जिंकतेय."

टेबल पुसणारा इब्राहीम हसला. "चाचा, ये तो शनिवार का मॅच है. इस चॅनल पे पुराना ही आता है. आज का तो खतम हो गया. जीत गयी."

राजाभाऊंनी परत पडद्याकडे बघितलं. विम्बल्डनला सगळे पांढरेच कपडे घालतात. परवा काय आणि आज काय, त्यांना फरक कळणार कसा? पण कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख होती. एकोणीस वर्षं ते मास्टर गेजवरची तपासणीची तारीख बघितल्याशिवाय त्याला हात लावत नव्हते, आणि आज ती बघायची राहिली.

ते जवळजवळ पळतच ऑफिसात गेले. हार्ग्रीव्हची खुर्ची रिकामी. टाइमकीपर सुमीत, पुण्याचा मुलगा, फायली लावत होता.

"काका, तुम्ही होतात कुठे? साहेब सव्वादोनला इतका खुशीत होता की टेबलावर होतं नव्हतं त्या सगळ्यावर सही करून गेला. जुबैलला गेलाय. बुधवारी दुपारी येईल."

"यासीनच्या अर्जावर केली?"

"यासीनभाईंनी दिलाच नाही. म्हणाले, खैरनारांचा होऊ दे आधी."

त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये राजाभाऊ यासीनशेजारी बसले. एरवी ते खिडकीपाशी एकटे बसत.

"तू अर्ज का नाही दिलास?" त्यांनी विचारलं. "टेबल मोकळं होतं."

"दिला असता तर तुम्ही म्हटलं असतं, बघा, घुसला."

"म्हटलं असतं," राजाभाऊंनी कबूल केलं. "पण खरं कारण काय?"

यासीनने कपाळावर हात मारून घेतला. "उमामाची यादी पुढच्या महिन्यात लागतेय. त्याआधी तिकडे जाऊन काय करू, भिंती रंगवू? तीनदा सांगितलं तुम्हाला."

सांगितलं होतं. राजाभाऊंना ते फारच सरळ वाटलं होतं, म्हणून विश्वास बसला नव्हता.

बुधवारी हार्ग्रीव्ह परतला आणि तीनला चिंगीचा सामना लागला. या वेळी राजाभाऊ कँटीनकडे फिरकले नाहीत. फळ्याखाली स्टूल टाकून बसले. साडेचारला यासीनने मार्कर उचलला आणि चिंगीच्या नावावर फुली मारली. वेल्डरने आपला अर्ज गुपचूप टूलबॉक्समध्ये टाकला.

"हरली," यासीन म्हणाला. "तरी जा तुम्ही."

"मरायला?"

"पाचला यादी बंद. मग ऑगस्ट. फार तर नाही म्हणेल. आणि या वेळी तपासायला जाऊ नका कुठे."

राजाभाऊंनी त्याच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. त्यात काही सापडेना. मग ते उठले आणि गेले.

हार्ग्रीव्ह पाठमोरा उभा राहून खिडकीतून प्लँटच्या धुराड्याकडे बघत होता. अर्ज पुढे करायचं धाडस राजाभाऊंना होईना, आणि गप्पही उभं राहवेना. त्यांच्या मोडक्या इंग्रजीत तोंडातून निघालं ते एवढंच, की साहेब, शनिवारी ती पाच-एकने मागे होती. गवतावर पडली, उठली, आणि सेट घेतला.

साहेब वळला. "तू बघितलीस ती मॅच?"

"पूर्ण सेट. बसून. चहा गार झाला."

"माझ्या ऑफिसात एकानेही बघितली नाही," हार्ग्रीव्ह म्हणाला. "नुसते रोज स्कोअर विचारतात मला, आणि त्यांना वाटतं, का विचारतात ते मला कळत नाही."

साहेबाला हे सगळं ठाऊक होतं तर. पण तो माणूस टेबलाच्या कडेवर बसला आणि त्या पाच-एकबद्दल बोलायला लागला. ती आडवी पडली तो गुण त्याने हात हलवून दोनदा दाखवला. राजाभाऊ मान डोलावत होते आणि एक डोळा भिंतीवरच्या घड्याळावर होता. पाचला सात मिनिटं असताना हार्ग्रीव्हने कागद ओढून घेतला आणि सही केली.

बाहेर यासीन उभा होता. राजाभाऊंनी सही उजेडाकडे धरून बघितली, तारीख बघितली, मग ती त्यालाही दाखवली. "बघ रे, बरोबर आहे ना? मला आता माझा भरवसा वाटत नाही."

"बरोबर आहे. पळा, सुमीत यादी बंद करील."

शनिवारी सकाळी नाशिकला जयदीप आई-वडलांना घेऊन भेटायला आला. राजाभाऊंनी त्याला मुद्दाम खिडकीच्या डावीकडच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः त्याच्या उजव्या अंगाला जाऊन बसले. चांगलं न्याहाळून झाल्यावर त्यांनी यासीनला निरोप पाठवला: उजव्या गालावर देवीच्या लसीच्या वणाएवढा डाग आहे, लहानपणी भाजल्याचा. पोरगा लाजतो, म्हणून लपवतो. मी विचारलं तर त्याने खरं सांगितलं.

यासीनचं उत्तर आलं: मग?

राजाभाऊंनी लिहिलं, श्रुतीलाही वेगळं विचारलं. तिनेही तेच सांगितलं. साखर वाटतोय.