रोगी ओळीची राखण

माझ्या धाकट्या बहिणीला बियाण्याच्या शेतावर सगळे तांबडी म्हणायचे. कामच तसं. चवळी म्हणजे पावसानं पाठ फिरवली तरी तग धरणारी, पण पानांवर तांबेरा, म्हणजे ती तांबडी बुरशी, चढला की तिचं काही चालत नाही. फवारून फवारून लोक थकले, तेव्हा तांबेऱ्याला दाद न देणारी चवळी शोधायचं ठरलं. त्यासाठी नव्या वाणांच्या वाफ्यांमधोमध मुद्दाम एक रोगी ओळ लावत. तिचा तांबेरा वाऱ्यानं उडायचा आणि सगळ्या वाणांची परीक्षा व्हायची. ती ओळ सांभाळायची माझ्या बहिणीनं. मेल्या पानावर तांबेरा जगत नाही, म्हणून ओळ मरू द्यायची नाही. आणि बरीही होऊ द्यायची नाही.

"सासूनं मला असंच सांभाळलं," ती म्हणायची. "मला शिकवावं नाही लागलं."

एकोणीस वर्षं केलं. जेवताना बाया तिला लांब बसवत. "ए तांबडे, सरक तिकडं, आमच्या घरच्या शेतात आणशील." सुटी झाली की अंगावरचा कामाचा सदरा फाटकापाशी उकळत्या पाण्यात टाकायचा, मगच घर. रोग बाहेर जायला नको ना.

विसाव्या वर्षी तिच्या ओळीत एक झाड स्वच्छ राहिलं. आजूबाजूला सगळी तांबडी, हे हिरवंगार. तिनं बुडाशी निळा दोरा बांधला, रोगट पानं रोज त्याच्यावर घासली. एक ठिपका उठेना.

"अक्का, माझ्या हातून एक तरी बरं निघालं गं. तुझ्या परसात दोन हात जागा देशील?"

दिली. मला काय, गवतच वाढत होतं.

शेंगा वाळत आल्या आणि शेत बघायला पाहुणे यायचे ठरले. त्याआधी शेतावरचे साहेब ओळ बघायला आले.

"हे हिरवं काय मध्येच? उपट."

"साहेब, ह्याला तांबेरा लागत नाही. हेच तर शोधताय ना?"

"ते त्या वाफ्यांत. रोगी ओळीतलं धरत नाहीत. तू रोग सांभाळ, अक्कल नको."

बाया खदखदल्या. तिनं झाड उपटलं, पण साहेबांची पाठ वळताच सात शेंगा सदऱ्याच्या खिशात.

संध्याकाळी मी फाटकाबाहेर उभी होते. ती हसत आली. वीस वर्षांची सवय. हातांनी आपसूक सदरा काढला, उकळत्यात टाकला, काठीनं दाबलाही. मग चेहरा पडला. तिनं तसाच हात घातला, पार कोपरापर्यंत.

पहारेकरी म्हणाला, "काय तांबडे, आज जेवण इथंच?"

तिनं भाजल्या हातानं शेंग सोलली. दाणे उकडून मऊ झाले होते. एक माझ्यापुढं धरला.

"खा अक्का. तुला तांबेरा व्हायचा नाही."

मी खाल्ला. बाजारातल्या चवळीसारखाच लागला.