राणीच्या तळहातातले स्क्रू

हर्सूलची जोहराबी सदुसष्ट वर्षांची आहे. तिचे अब्बा सिल्लोडच्या बाजारात कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करायचे. मुलीनं दोऱ्या धरायच्या नाहीत, असं बिरादरीनं ठणकावलं होतं; तरी बाराव्या वर्षी तिनं पडद्यामागून राणीची बाहुली नाचवली. लग्नानंतरही दोरी सोडली नाही. अब्बांनी कोरलेल्या आठ बाहुल्या तिच्याकडं राहिल्या.

गेल्या डिसेंबरात शहरातल्या एका संस्थेनं ‘बाहुल्यांची वाट’ आखली. आईबापांनी मुलांना घेऊन पैठण गेट ते गुलमंडी पायी फिरायचं, थांब्याथांब्यावर बाहुलीखेळाची माहिती वाचायची. संस्थेच्या श्रेया मॅडम घरी येऊन बाहुल्या मागून घेऊन गेल्या. “शेवटच्या थांब्यावर तुमचाच खेळ, आजी,” असं सांगून गेल्या.

कार्यक्रमाच्या रविवारी सकाळी तिचा मुलगा साकिब वाळूजच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून आला आणि अम्मीला मोटारसायकलवर घेऊन गुलमंडीला गेला. तिथं प्लायवूडवर आठही बाहुल्या ओळीनं ठोकलेल्या. दोऱ्या कापलेल्या. प्रत्येकीच्या दोन्ही तळहातांतून स्क्रू पिळलेले.

“हे कुणी केलं?”

श्रेया मॅडम लगबगीनं पुढं आल्या. “आजी, वाऱ्यानं सारख्या हलत होत्या. लोकांचे फोटो नीट येईनात.”

“हलत होत्या?” जोहराबीचा आवाज चौकभर गेला. “हलायलाच केल्यात त्या! माझ्या बापानं एकेक सांधा कोरला, अन् तुम्ही खिळून टाकल्या? मला विचारलं व्हतं?”

“चुकलं आमचं. पण लोक थांबलेत, खेळाचं...”

“दोऱ्या कापल्या, आता कशाचा खेळ? साकिब, पेचकस आण.”

“अम्मी, मी काढतो.”

“नाय. माझ्या हातानं काढते.”

ती फळीपुढं बसली आणि सोळा स्क्रू एकेक करून काढले. कुणीतरी मोबाइल रोखला. “घ्या फोटो,” ती मान न वळवता म्हणाली, “मी हलत नाय.” राणीचा उजवा पंजा स्क्रूबरोबर तुटून आला, तेव्हा मात्र तिनं पेचकस खाली ठेवला आणि तो पंजा मुठीत धरला. बाहुल्या ओढणीत बांधून ती निघून गेली. खेळ झाला नाही.

संस्थेनं शाल पाठवली. तिनं दारातूनच परत केली. पांगाऱ्याच्या लाकडाचा नवा पंजा तिनं स्वतः कोरला. फेब्रुवारीत आपल्याच गल्लीत पडदा बांधला आणि खेळ केला. श्रेया मॅडम आल्या होत्या. खेळ संपल्यावर परत माफी मागू लागल्या.

“माफी नको,” जोहराबी म्हणाली. “दोरी धरायला शिका, मग बोलू.”

त्या दोनदा शिकायला आल्या. तिसऱ्यांदा आल्या नाहीत.